उन्हाळ्यातल्या जत्रांमधला तमाशा, छबिना आणि आराध्यांची गाणी: मराठवाड्यात फिरताना नीट बघायचं कसं

चैत्र-वैशाखात मराठवाड्यात फिरायला आलेले लोक जत्रेला जातात आणि त्यातले बहुतेक चुकीच्या वेळी पोचतात. सकाळी अकराला देवळाच्या रांगेत उभे राहतात, ऊन डोक्यावर आलं की रसवंतीत बसतात, पाचची एसटी धरून परत फिरतात. घरी गेल्यावर सांगतात, गर्दी आणि पाळण्यांशिवाय काही नव्हतं. छबिना म्हणजे देवाच्या पालखीची रात्रीची मिरवणूक, आराध्यांचे म्हणजे देवीची गाणी गाणाऱ्या भक्तांचे मेळे, तमाशाचा वग म्हणजे शेवटचं नाटक, हे सगळं दिवे लागल्यानंतरचं असतं, आणि तेव्हा ही मंडळी परतीच्या गाडीत असतात.

म्हणून इथे आखणीचा क्रम उलटा ठेवलाय. आधी रात्र ठरवायची, मग ती रात्र जागण्यासाठी दुपारची झोप, मग परतीची गाडी. दर्शन, खरेदी, आसपासची स्थळं हे सगळं उरलेल्या वेळात.

टप्पा १: नेमकं काय बघायचंय ते ठरवा

सगळ्या जत्रा सारख्या नसतात. "जत्रेला जाऊ, काहीतरी असेलच" म्हणून निघालेला माणूस हमखास निराश होतो. मराठवाड्यात उन्हाळ्याच्या तोंडापासून बुद्ध पौर्णिमेपर्यंत ढोबळमानाने तीन वाटा आहेत.

कीर्तन आणि भारूड ऐकायचं असेल तर पैठणची नाथषष्ठी. फाल्गुन वद्य षष्ठी, सप्तमी, अष्टमी असे तीन दिवस. गोदावरीच्या वाळवंटात आणि गावभर दिंड्या उतरतात, प्रत्येक दिंडीच्या राहुटीत कीर्तन चालू असतं. अष्टमीला काल्याने सांगता होते. इथे तमाशा शोधू नका.

देवीची गाणी, संबळ, आराध्यांचे मेळे हवे असतील तर धाराशिव जिल्ह्यातल्या येरमाळ्याची येडेश्वरीची यात्रा. ही चैत्र पौर्णिमेची. दुसऱ्या दिवशी पालखी निघते, चुन्याच्या रानात भाविक चुनखडीचे खडे वेचतात आणि पालखी आमराईत मुक्कामाला जाते. पौर्णिमेचं दर्शन घेऊन त्याच दिवशी परतणारा माणूस अर्धी यात्रा सोडून जातो.

तिसरी वाट गावजत्रेची: रात्री ग्रामदैवताचा छबिना, मग तमाशा, दुसऱ्या दिवशी दुपारनंतर कुस्त्या. हा क्रम गावागावाने बदलतो. तमाशाच्या फडांचा, म्हणजे मंडळ्यांचा, हंगाम साधारण दसऱ्याला सुरू होतो आणि बुद्ध पौर्णिमेच्या सुमारास संपतो. मुलांच्या शाळा संपल्यावर मेच्या शेवटी निवांत जाऊ म्हणाल तर फड आपापल्या गावी परतलेले असतील.

तीनांपैकी एकच निवडा. एकाच सहलीत दोन जत्रा बसवायचा मोह होतो, पण मधल्या दिवशी न झोपता केलेला प्रवास दुसऱ्या जत्रेची रात्र वाया घालवतो.

टप्पा २: तारीख पाठ करू नका, तिथी काढा

गेल्या वर्षीची तारीख धरून सुट्टी टाकणं ही सगळ्यात महागात पडणारी चूक. चैत्र पौर्णिमा २०२४ मध्ये २३ एप्रिलला होती, २०२५ मध्ये १२ एप्रिलला, २०२६ मध्ये २ एप्रिलला. तिथी दर वर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकते आणि अधिक महिना आला की एकदम पुढे जाते. २०२६ मध्ये अधिक ज्येष्ठ असल्यामुळे २०२७ ची चैत्र पौर्णिमा २० एप्रिलला येते.

दुसरी चूक जास्त फसवी आहे. मोबाइलवरची बरीच पंचांगं उत्तरेकडच्या पद्धतीची असतात. त्यांच्यात महिना पौर्णिमेला संपतो, आपल्याकडे अमावास्येला. त्यामुळे आपली फाल्गुन वद्य षष्ठी तिथे "चैत्र कृष्ण षष्ठी" म्हणून दिसते. ते पंचांग उघडून "फाल्गुन कृष्ण षष्ठी" शोधणारा माणूस नाथषष्ठीला महिनाभर आधी पैठणला पोचेल. मराठी पंचांग किंवा भिंतीवरचं मराठी कॅलेंडरच बघा. पौर्णिमेला आणि शुद्ध पक्षातल्या तिथींना ही अडचण येत नाही, वद्य पक्षातली तिथी बघताना मात्र चुकू नका.

तिसरी गोष्ट: तिथी कळली तरी कार्यक्रमाची रात्र कळत नाही. पौर्णिमा दोन तारखांत विभागलेली असते आणि छबिना आदल्या रात्री की त्या रात्री, हे गावच ठरवतं. त्यामुळे फोन करावाच लागतो. ग्रामपंचायत, यात्रा कमिटीचं कुणी, किंवा गावच्या स्टँडवरचा हॉटेलवाला, कुणीही चालेल. जत्रेच्या आठवडाभर आधी करा, त्याआधी कुणालाच पक्कं माहीत नसतं.

विचारायचं कसं तेही सांगतो. "कार्यक्रम कधी आहे?" असं विचारलंत तर "या की, दोन दिस जत्राच हाय" एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा एकेक विचारा:

"दादा, छबिना कोणत्या वाराच्या रात्री निघतो? देवळातून किती वाजता उचलतात?"
"तमाशा सुपारीचा हाय का तिकिटाचा?"
"फड कोणता सांगितलाय? वग हाय का नुसता लावण्यांचा कार्यक्रम?"
"कुस्त्या दुसऱ्या दिवशी का तिसऱ्या?"

सुपारीचा म्हणजे गावाने लोकवर्गणीतून पैसे भरून आणलेला, तो सगळ्यांना फुकट आणि उघड्यावर. तिकिटाचा म्हणजे कनात लावलेल्या तंबूतला, त्याची खिडकी संध्याकाळी उघडते. शेवटून दुसरा प्रश्न तर सोडूच नका. आता कितीतरी गावं तमाशाऐवजी ऑर्केस्ट्रा सांगतात, आणि फ्लेक्सवर मात्र "लोकनाट्य" छापलेलं असतं.

आणखी एक. उघड्यावरच्या ध्वनिक्षेपकाला रात्री दहापर्यंतच परवानगी असते, सरकारने सूट दिलेल्या ठरावीक दिवशी बारापर्यंत. रात्रभर तमाशा चालायचा त्या आठवणींवर विसंबून बाराला पोचलात तर मंडप उतरवताना दिसेल. सुरुवातीची वेळ विचारा आणि शेवटची वेळही विचारा.

*तपासा: तिथी, वार, छबिन्याची वेळ, तमाशाची वेळ, फडाचं नाव. या पाच गोष्टी कागदावर लिहून झाल्याशिवाय पुढे जाऊ नका.*

टप्पा ३: झोप आणि परतीची गाडी आधी, जायची गाडी नंतर

जत्रेच्या गावात लॉज मिळेल ही आशा सोडा. लहान गावात लॉज नसतोच आणि देवस्थानच्या गावात भक्तनिवास आधीच भरलेला असतो. मुक्काम तालुक्याच्या किंवा जिल्ह्याच्या ठिकाणी करा. पैठणसाठी छत्रपती संभाजीनगर, साधारण ५० किलोमीटर. येरमाळ्यासाठी धाराशिव, बार्शी किंवा कळंब. येरमाळा सोलापूर-धुळे महामार्गावर धाराशिव आणि बीडच्या मधे आहे. रेल्वेने येणाऱ्यांना कुर्डुवाडी-लातूर मार्गावरची बार्शी आणि धाराशिव ही स्टेशनं सोयीची. पैठणला रेल्वे नाही.

खोली घेताना एक दिवस पुढचा धरून घ्या. तुम्ही पहाटे परतणार, सकाळी सातला डोळा लागणार, आणि दहाला लॉजवाला चेक-आउटसाठी दार वाजवणार. एका रात्रीचे पैसे वाचवायला जाऊन लोक दुसऱ्या दिवशी चाळीस अंशांत झोपेविना एसटीत बसतात. तसं करू नका.

एसटीचं गणित वेगळं आहे. मोठ्या यात्रांना महामंडळ जादा गाड्या सोडतं, त्यांची चौकशी मोठ्या स्टँडच्या चौकशी खिडकीवर करा. महिलांना अर्धं तिकीट आणि ७५ वर्षांवरच्यांना मोफत प्रवास जादा गाडीलाही लागू आहे का, तेही तिथेच विचारून घ्या, गाडीत कंडक्टरशी वाद नको. त्यासाठी कोणतं ओळखपत्र लागतं तेही विचारा, ते जवळ हवंच.

गावजत्रेला मात्र जादा गाडी नसते. शेवटची परतीची गाडी संध्याकाळीच निघून जाते. तिथे उपयोगी पडते ती मुक्कामी गाडी. ही रात्री गावात येऊन थांबते आणि पहाटे तालुक्याला निघते. तमाशा बघून उरलेली रात्र पारावर पाठ टेकायची आणि मुक्कामी गाडीने परत यायचं, ही एकट्या-दुकट्या प्रवाशासाठी उत्तम सोय आहे. ती किती वाजता हलते हे रात्रीच ड्रायव्हर-कंडक्टरला विचारा. सकाळी विचारायला जाल तेव्हा गेलेली असेल.

स्वतःची गाडी असेल तर गावात घालू नका. वेशीबाहेर, तोंड रस्त्याकडे करून लावा. छबिना निघाला की गावातले रस्ते बंद होतात. शेतात लावायची वेळ आली तर मालकाला विचारा. एप्रिलमध्ये शेत रिकामं दिसत असलं तरी कडेला कडबा रचलेला असतो, त्याच्याजवळ गाडी लावणं आणि सिगारेट ओढणं दोन्ही धोक्याचं.

*इशारा: रात्रभर जागलेल्या माणसाने पहाटे गाडी चालवायची नाही. चालवणारा एक जण ठरवा आणि त्याला दुपारी सक्तीने झोपवा.*

टप्पा ४: पिशवीत काय

पाणी, माणशी किमान तीन लिटर. उन्हाळ्यात इथल्या अनेक गावांना टँकरने पाणी मिळतं. मागाल तर कुणी नाही म्हणणार नाही, आपली घागर पुढे करेल, आणि म्हणूनच मागायची वेळ येऊ देऊ नये.

ओआरएसच्या पुड्या. सुती, सैल, लांब बाह्यांचे कपडे. डोक्याला पंचा, उपरणं किंवा टोपी. बसायला सतरंजी, कारण तमाशाला खुर्ची पुढाऱ्यांना आणि जमीन बाकीच्यांना. बॅटरी, म्हणजे खरी बॅटरी, मोबाइलची नव्हे. दहा-वीसच्या नोटा भरपूर. हजारो माणसं एका टॉवरवर आली की यूपीआय बसतं आणि मग चहावाल्यापुढे ओशाळं व्हावं लागतं.

घरून निघताना भेटायची जागा ठरवा, "देवळापाशी" नव्हे, कारण तिथे सगळेच असतात. पाण्याची टाकी, शाळेचं फाटक, अशी न हलणारी आणि गर्दीच्या कडेची खूण. लेकरांच्या खिशात नाव आणि दोन फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी.

टप्पा ५: दुपार झोपून काढा

एप्रिल-मे मध्ये पारा चाळिशीच्या पुढे असतो. बारा ते चार उन्हात काहीही करू नका. दर्शन सकाळी नऊच्या आत उरकून घ्या, नाहीतर रात्री छबिना परतल्यावर घ्या. मधल्या वेळात मुक्कामी जाऊन जेवा आणि झोपा. "झोप येत नाही" म्हणून आसपास एखादं लेणं किंवा किल्ला बघायला निघणारे लोक रात्री अकराला सतरंजीवर घोरताना दिसतात.

ताक, पन्हं, लिंबूपाणी पोटभर घ्या. उसाचा रसही घ्या, पण बर्फाशिवाय. जत्रेतला बर्फ कशाच्या पाण्याचा आहे कुणालाच माहीत नसतं. संध्याकाळी हलकं जेवा, भाकरी-पिठलं पुरे. तेलकट भजी खाऊन रात्रभर बसलात की पहाटे पोट बोलतंच.

*इशारा: घाम अचानक थांबला, अंग तापलं, माणूस असंबद्ध बोलू लागला, तर तो उष्माघात आहे. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, वारा घाला, आणि लगेच १०८ ला फोन करा. शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी ओतू नका.*

टप्पा ६: रात्र

*छबिना.* छबिन्याच्या पुढे चालू नका आणि पाठीमागेही लागू नका. एक जागा धरून थांबा. सगळ्यात चांगली जागा म्हणजे मिरवणूक वळते तो चौक. तिथे पालखी थांबते, हलगीवाले रिंगण धरतात आणि वाजवण्याची चुरस लागते. संबळ आणि हलगी एकमेकांना उत्तर देत चढत जातात तो पाच-दहा मिनिटांचा तुकडा ऐकायलाच यायचं. चालत राहिलात तर तो कायम तुमच्या पुढच्या चौकात होत राहील. शोभेची दारू उडवत असतील तर वारा ज्या बाजूने येतोय त्या बाजूला उभे राहा.

*आराध्यांचे मेळे.* गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी म्हणजे देवीची टोपली, सोबत संबळ-तुणतुणं-झांज. मेळा मोकळ्या जागी बसतो किंवा उभा राहतो, एक जण गातो आणि बाकीचे झेलतात. पादत्राणं काढून कडेला बसा. मधे पोत म्हणजे देवीची मशाल पेटलेली असते, त्यामुळे नायलॉनचा पदर किंवा ओढणी आवरून घ्या. गाणं संपेपर्यंत उठू नका; यातली बरीच गाणी कथेची असतात. "आई राजा उदो उदो" चा गजर झाला की तुम्हीही म्हणा, नुसतं बघत राहणं तिथे परकं वाटतं. परडीत यथाशक्ती पैसे किंवा पीठ-मीठ टाका. कुणाच्या अंगात आलं तर मोबाइल खिशात ठेवा. तो त्या बाईचा आणि तिच्या देवीचा विषय आहे.

*कीर्तन.* पैठणला एका राहुटीतून दुसरीत दहा-दहा मिनिटं हिंडणारे खूप दिसतात. वारकरी कीर्तनाला दोन तास लागतात. सुरुवातीचं भजन, मग अभंगाचं निरूपण, आणि टाळकरी-पखवाजी रंगात येतात ते उत्तरार्धात. एकच कीर्तन धरा आणि पूर्ण ऐका. विणेकऱ्याच्या समोरून आडवं जाऊ नका. भारुडाची वेळ वेगळी असते, ती शेजारच्या माळकऱ्याला विचारा. "माउली" म्हणून विचारलंत की हाताला धरून नेऊन बसवतील.

*तमाशा.* इथे सगळ्यात जास्त चुकतं, म्हणून थोडं सविस्तर.

क्रम असा: गण, गवळण, बतावणी, मग रंगबाजी म्हणजे लावण्या-गाणी, आणि शेवटी वग. गणात कलावंत गणपतीला वंदन करतात. गवळणीत कृष्ण, त्याचा सवंगडी पेंद्या, मावशी आणि गवळणींची अडवणूक. मावशीचं काम पुरुष करतो आणि अर्धा तमाशा त्याच्या जिभेवर चालतो. बतावणीत सोंगाड्या हजरजबाबी बोलतो आणि त्यात तुमच्याच गावचा रस्ता, पाणी, सरपंच येऊन जातो. वग म्हणजे पूर्ण नाटक, राजाचं नाहीतर गावातल्या माणसांचं.

बाहेरून आलेले लोक गाणी संपली की उठतात. त्यांना वाटतं कार्यक्रम झाला. वग सोडून गेलात तर गोष्ट सुरू होण्याआधीच गेलात. फडाची खरी ताकद, पाठांतर, ऐन वेळी सुचलेला संवाद, सोंगाड्याचं रडवणं, हे वगातच दिसतं. म्हणून तर दुपारची झोप.

बसायची जागा: स्पीकरच्या भिंतीसमोर नको, कानाला दोन दिवस दडे बसतात. मध्यापासून थोडं बाजूला, ढोलकीवाला दिसेल असं बसा. त्याच्या हाताकडे आणि नाचणारीच्या पायाकडे आळीपाळीने बघितलं की लावणी कळायला लागते. बायका-लेकरांसाठी बऱ्याच गावांत वेगळी बाजू असते. कुटुंबासह असाल तर आधी बायकांना विचारून तिथे बसा. दारू पिऊन आलेलं टोळकं शेजारी बसलं तर वाद घालू नका, जागा बदला, आणि फारच झालं तर बंदोबस्ताच्या पोलिसाला किंवा ११२ ला कळवा.

बक्षीस द्यायचं असेल तर मंचावर पैसे फेकायचे नाहीत, चढायचंही नाही. मंचाच्या कडेला फडाचा माणूस फिरत असतो, त्याच्याकडे नाव आणि गाव सांगून द्या, तो पुकारतो. अभिनयाला दिलं, ढोलकीला दिलं, तर तेही सांगा. गर्दीतून कुणीतरी ढोलकीवाल्याचं नाव काढलं याचं त्या माणसाला मोल असतं.

मागच्या राहुट्यांकडे जाऊ नका. ते त्यांचं घर आहे. तिथे लेकरं झोपलेली असतात, चूल पेटलेली असते, कपडे बदलले जात असतात. नाचणाऱ्या मुलींचं चित्रीकरण करून टाकण्याची सवय तर अजिबात नको. एका लावणीचा तुकडा कापून कुणीतरी भलत्याच मथळ्याखाली फिरवतो आणि त्याची किंमत ती कलावंत पुढच्या गावात मोजते. फोटो हवाच असेल तर कार्यक्रम संपल्यावर फडाच्या मालकाला विचारा. नाही म्हणाले तर नाही.

*तपासा: वग सुरू व्हायच्या आधी एकदा पाणी प्या, बाहेर जाऊन या, सोबतच्यांना ठरलेल्या खुणेची आठवण करून द्या. वग सुरू झाल्यावर वाट काढत उठणं सगळ्यांनाच त्रासाचं.*

टप्पा ७: अवकाळीची लक्षणं

एप्रिल-मे मध्ये दुपारनंतर ढग भरून आले, वारा पडला आणि उकाडा असह्य झाला की सावध व्हा. मराठवाड्यात या दिवसांत वीज पडून माणसं आणि जनावरं दगावतात. वादळी वारं सुटलं की तंबू आणि मंडपातून आधी बाहेर या, कारण लोखंडी खांब आणि विजेच्या तारा दोन्ही तिथे असतात. झाडाखाली, टॉवरखाली, पत्र्याच्या कमानीखाली थांबू नका. शाळा, देवळाचा पक्का सभामंडप किंवा बंद काचांची चारचाकी गाठा. पाऊस थांबल्यावर फड पुन्हा उभा राहतो का ते विचारा. बऱ्याचदा जमीन वाळल्यावर सुरू होतो.

टप्पा ८: पहाट आणि दुसरा दिवस

कार्यक्रम संपला की सगळे एकदम निघतात. अर्धा तास बसून राहा. चहाची टपरी चालूच असते, आणि तेव्हाच फडातली माणसं मंच उतरवून चहाला येतात. वगातलं काय आवडलं ते त्यांना सांगा, आणि पुढचा मुक्काम कोणत्या गावाला आहे तेही विचारा. फड रोज गाव बदलतात, त्यामुळे हा पत्ता कोणत्याही जाहिरातीपेक्षा पक्का.

येरमाळ्याला असाल तर पहाटे परतू नका. तोंड धुऊन, पाणी भरून, ऊन चढायच्या आत चुन्याच्या रानाकडे चाला. गर्दीत काठाने चाला, वाकून खडे वेचणाऱ्यांच्या मधे शिरू नका, आणि लेकरू खांद्यावर घ्या. पालखी आमराईकडे वळली की तुम्ही महामार्गाकडे वळा. अकरानंतर त्या रस्त्यावर सावली नाही.

गावजत्रेत कुस्त्यांसाठी थांबायचं असेल तर खोलीवर जाऊन झोपून या. कुस्त्या ऊन उतरल्यावर लागतात, आणि आधी रेवड्या-नारळाच्या बक्षिसावर लेकरांच्या कुस्त्या होतात. मोठी कुस्ती शेवटी असते. ती किती वाजता लागेल याचा अंदाज कमिटीवाल्यांकडून घ्या आणि परतीची गाडी त्यानंतरची धरा.